ऑकलंडला जाऊन चहा निवडला

माझ्या हातचा चहा प्यायला लोक एस्टी सोडतात. आता खरं सांगायचं तर फलटणच्या स्टँडावर एस्टी कधी वेळेवर लागतच नाही, तोवर माणूस करणार काय, चहाच पिणार.

तर असा मी. शाळा चौथीपर्यंत, पुढं शाळेनंच हात जोडले. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, दोन बाकडी आणि एक शेगडी, पण पाटीवर हॉटेल लिहिलंय म्हणून हॉटेल. अशा माणसाला पोरानं न्यूझीलंडचं तिकीट पाठवलं. आमचा अमोल तिकडं शिकायला म्हणून गेला, शिकता शिकता पेट्रोल पंपावर उभा राहिला, आणि आता ऑकलंडमध्ये माउंट वेलिंग्टनला एका फर्निचरवाल्याच्या ऑफिसात चिकटलाय. फोनवर म्हणाला, "अप्पा, तुम्ही आणि आई या. एक मुलगी आहे, जपानी आहे. लग्न करायचंय."

मी म्हणलं, "करायचंय का करून झालंय?"

"नाही हो. तिच्या आईनं अजून हो म्हणलेलं नाही. त्यांना आधी तुम्हाला भेटायचंय."

मंगल, म्हणजे आमचं कुटुंब, शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "मग ह्यांना कशाला बोलावतोस? मी एकटी येते की."

विमानाचं वर्णन करत नाही, कारण मी बराच वेळ डोळे मिटूनच होतो. सिंगापूरला विमान बदलायचं होतं, तिथं मंगलनं मला बाजाराच्या पिशवीसारखं ओढत नेलं. पुढच्या विमानात चहा मागितला तर तिथल्या बाईनं गरम पाण्याचा कप आणि दोरा बांधलेली कागदाची पुडी दिली. मी ती पुडी दातानं फोडली आणि सगळी भुकटी कपात ओतली. गाळणी मागितली तर ती बाई नुसती हसली. उरलेल्या प्रवासात मी दातातली भुकटी काढत होतो. शेजारचा गोरा माणूस आधी माझ्याकडं बघत होता, मग त्यानं ठरवून दुसरीकडं बघायला सुरुवात केली.

ऑकलंडच्या विमानतळावर खरा ताप. अमोलनं बजावलं होतं, खायचं जे जे आणाल ते सांगा, लपवाल तर दंड बसेल. मी इतका घाबरलो की विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. खिशातली बडीशेपसुद्धा. कठड्यामागची पोरगी "किया ओरा" म्हणाली (तिथल्या मूळच्या लोकांचा, माओरींचा, नमस्कार, आता गोरे पण म्हणतात). मंगलचं मेतकूट, पापड, थालीपिठाची भाजणी सगळं वास घेऊन, उलटंपालटं करून सोडलं. माझी गवती चहाची जुडी आणि आल्याचा तुकडा मात्र तिनं दोन बोटांत मेलेली पाल धरावी तसा धरला आणि डब्यात टाकला. कायदाच तसा आहे म्हणे, ओली वनस्पती आणायची नाही.

मी मंगलला म्हणलं, "आल्याशिवाय चहा कसला करायचा आता?"

"तुम्हाला सोडलं तेच नशीब समजा," ती म्हणाली.

अमोलचं भाड्याचं घर हिल्सबरोला. चढावर. दारात उभं राहिलं की खाली खाडी दिसते. सकाळी बघावं तर पाण्यानं भरलेली, दुपारी बघावं तर नुसता चिखल. पहिल्या दिवशी मला वाटलं कुणी पाणी सोडून दिलं. घर सगळं लाकडाचं. मी पहिल्याच रात्री असा खोकलो की सकाळी शेजारचा बॅरी विचारायला आला, बरं वाटतंय का. हा बॅरी रिटायर झालेला माणूस, देवासारखा, पण सदा अनवाणी. दुकानातसुद्धा अनवाणी जातो. फारच सणवार असला तर जँडल्स घालतो (आपली रबरी स्लिपर). त्यानं दारात पिशवीभर हिरवी फळं ठेवली, फिजोआ म्हणतात, पेरूच्या नात्यातलं वाटतं. मी धुतलं आणि सालासकट खाल्लं. दुसरं पण खाल्लं, बॅरीला वाईट वाटू नये म्हणून. तोंड कुलूप लावल्यासारखं मिटलं. मग बॅरीनं दाखवलं, मधोमध कापायचं आणि आतला गर चमच्यानं खायचा.

अमोल कपाळाला हात लावून म्हणाला, "अप्पा, माहीत नसलं तर विचारायचं ना!"

"फळ खायला काय विचारायचं?"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

आम्ही वैशाखातलं फलटण सोडून आलो होतो, आणि तिथं थंडी पडायला लागलेली. सकाळी मी मफलर बांधून कोपऱ्यावर दूध आणायला जायचो. कोपऱ्यावरच्या दुकानाला तिथं डेअरी म्हणतात. पहिल्या दिवशी मी किटली घेऊन गेलो होतो. आतला गुजराती भाऊ किटली बघून म्हणाला, "काका, दूध बाटलीतून मिळतं, म्हैस मागं बांधलेली नाही." मग त्या दुधाचा चहा. पातेल्यात उकळ उकळ उकळला तरी त्याला रंग येईना. पाण्याला दूध म्हणायचं आणि थंडीला उन्हाळा संपला म्हणायचं, असा देश.

एक गोष्ट मात्र आवडली. मागच्या लाकडी ओट्यावर (त्याला डेक म्हणतात) रोज साळुंक्या यायच्या. आपल्या साळुंक्या! तोच पिवळा चष्मा, तोच भांडखोर आवाज. मी अमोलला म्हणलं, "ह्यांना कुणी आत घेतलं रे? माझा गवती चहा फेकून देता आणि ह्या बिनधास्त?" फार वर्षांपूर्वी कुणीतरी आणल्या म्हणे, आता सगळ्यांना त्यांचा वैताग आहे. मला एकदम आपली माणसं भेटल्यासारखं झालं.

गुरुवारी संध्याकाळी एमी आली. एमी म्हणजे ती मुलगी. लहानपणापासून इथंच वाढलेली, दातांच्या दवाखान्यात कामाला. दारात बूट काढले, मंगलच्या पाया पडायला वाकली आणि "नमस्कार, कसे आहात" एका दमात म्हणाली. पाठ केलं होतं बिचारीनं. मी आपला बोलतच सुटलो, प्रवास, विमान, फिजोआ, सगळं. तिला एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती मान हलवत होती. अमोल मध्ये मध्ये इंग्रजी करत होता, ते माझ्या बोलण्यापेक्षा फार थोडकं असायचं. दोनदा तर नुसतं "ही इज हॅपी" म्हणाला.

जाताना एमीनं पत्र्याचा एक गोल डबा काढला, कापडात बांधलेला. दोन्ही हातांनी धरून मला दिला. अमोल म्हणाला, "हा चहा आहे. तिच्या आईनं पाठवलाय, खास तुमच्यासाठी. तुम्ही चहावाले आहात हे सांगितलंय मी. रविवारी त्या जेवायला येणारेत, तेव्हा आपण हाच चहा करू."

ती गेल्यावर अमोल माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. असा तो बसला की मला माझ्याच बापाची आठवण होते.

"अप्पा, ऐका. एमी एकुलती एक आहे. तिचे वडील नाहीत. आई हेन्डरसनला एकटी राहते. एमी आईच्या मनाविरुद्ध लग्न करणार नाही, तिनं मला स्पष्ट सांगितलंय. रविवारवर सगळं आहे. तुम्ही एकच करा."

"बोल ना. काय करू?"

"काही करू नका. आणि कमी बोला."

आता मला सांगा, पोराचं लग्न अडलंय आणि बापानं काही करायचं नाही, हे कुठल्या बापाला जमेल?

शुक्रवारी अमोल कामावर गेला. मंगल बॅरीच्या बायकोबरोबर खाली खाडीच्या कडेनं फिरायला गेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण दोघी एकाच वेळी बोलतात, त्यामुळं अडत नाही. मी घरात एकटा. डबा समोर. म्हणलं, बघू तरी जपानचा माल कसा आहे. झाकण उघडलं आणि आत हात घातला.

हिरवी पानं. चांगली होती, लांब, सुईसारखी, वास गवताचा. आणि त्यात तांदूळ! एक-दोन दाणे नाहीत, निम्मा डबा तांदूळ. तांबूस भाजल्यासारखे, काही काळपट, आणि मध्ये मध्ये पांढऱ्या लाह्या फुटलेल्या. मी हातात घेऊन बघतच राहिलो. चहाच्या धंद्यात मी भेसळ बघितलेली आहे. भुसा बघितलाय, रंग लावलेला बघितलाय, वापरलेली पत्ती वाळवून परत विकलेली बघितलीय. पण उघड उघड तांदूळ? एवढा निलाजरा व्यापारी मी पाहिला नव्हता. माझ्या डोक्यात लगेच आलं, ती बिचारी विधवा बाई, दुकानदारानं तिला गंडवलं. का तिच्या कपाटात तांदळाचा डबा सांडला? काही असो. रविवारी हा डबा तिच्यासमोर उघडणार, कपात तांदूळ तरंगणार, आणि बाईची आपल्या लेकीच्या सासरी मान खाली जाणार. मग ती हो कशाला म्हणेल?

मी उठलो. मोठं ताट घेतलं, चष्मा पुसला, डेकवर उन्हात मांडी घालून बसलो आणि डबा ताटात ओतला.

आपल्याकडं धान्य निवडणं हे बायकांचं काम मानतात, पण मी आईच्या शेजारी बसून शिकलोय. ताट कलतं धरायचं, माल वर सरकवायचा, बोटानं एकेक ओढून घ्यायचा. पानं एकीकडं, तांदूळ एकीकडं. कंबर गेली, डोळ्यांतून पाणी आलं, पण मी सोडलं नाही. लाह्या सोप्या जातात. भाजका दाणा पानात लपतो, तो नखानं काढावा लागतो. साळुंक्या कठड्यावर येऊन बसल्या. निवडलेला तांदूळ मी त्यांना टाकत गेलो. फार आवडला त्यांना. मला वाटलं, चला, कुणाच्या तरी पोटात गेला.

सगळं निवडून झालं तर डबा निम्म्याच्या खाली. आता निम्मा डबा रविवारी पुढं करणं बरं दिसतं का? बाईला वाटेल आम्ही अधाशासारखा संपवला. म्हणून मी माझी फलटणहून आणलेली हॉटेलची भुकटी काढली, कडक, काळीभोर, आणि त्यात घालून डबा गच्च भरला. हलवला. झाकण लावलं, कापड होतं तसं बांधलं.

इतकं समाधान मला हॉटेल उघडलं त्या दिवशी पण झालं नव्हतं.

संध्याकाळी अमोल आला. मला राहवेना. म्हणलं, "त्या चहाची काळजी करू नको. मी नीट केलाय."

तो बूट काढता काढता थांबला. "नीट म्हणजे?"

"निवडला. निम्मा तांदूळ होता रे त्यात. सगळा काढला, एक दाणा सापडला तर नाव बदलीन."

अमोलनं डबा उघडला. आत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग परत आत बघितलं. एका पायात बूट, एक पाय मोकळा.

"अप्पा, ह्यातले तांदूळ कुठायत?"

"साळुंक्यांनी खाल्ले."

"आणि हे काळं काय आहे?"

"आपली भुकटी. डबा रिकामा दिसत होता."

तो तसाच जमिनीवर बसला. रडतोय का हसतोय मला कळेना. मग हळूहळू सांगायला लागला. त्या चहाला गेनमाइचा म्हणतात. हिरवा चहा आणि भाजलेले तांदूळ, मुद्दाम एकत्र केलेले. तांदूळ म्हणजेच त्याची चव. दुकानात तयार मिळतो, पण एमीची आई घरी करते. पानं तिची बहीण जपानहून पाठवते, आणि तांदूळ ती स्वतः भिजवून, वाफवून, वाळवून, मंद जाळावर भाजते. हा डबा आमच्यासाठी केला होता. दोन दिवस ती तेच करत होती.

मंगल स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मला वाटलं आता भडिमार होणार. ती फक्त म्हणाली, "मला फिरायला कोण जा म्हणालं होतं?"

मीच म्हणालो होतो.

शनिवार माल शोधण्यात गेला. आधी माउंट वेलिंग्टनच्या त्या मोठ्या बाजारात, जिथं आख्खं फलटण छपराखाली बसेल आणि तरी गाड्या लावायला जागा उरेल. तिथं तो चहा मिळाला, पण दोऱ्याच्या पुड्यांत कोंडलेला. अमोल म्हणाला, ह्या पुड्या कापून डब्यात ओतल्या तर भुगा दिसेल. माझी विमानातली खोड ऐकून तो आधीच चिडला होता. दुकानातला पोरगा म्हणाला, आमच्याकडं एवढाच, हेन्डरसनला आशियाई दुकान आहे तिथं बघा, हीप्स ऑफ टी (म्हणजे ढीगभर).

मग हेन्डरसन.  गाडीत मी दोनदा तोंड उघडलं आणि मंगलनं दोनदा कोपरानं मिटवलं. हेन्डरसन म्हणजे एमीच्या आईचं गाव, त्यामुळं मला वेगळीच धास्ती. ऐन दुकानात बाई भेटल्या तर? आत शिरलो तर मसाल्याच्या कप्प्याजवळ एक बुटकी, पांढऱ्या केसांची बाई तांदळाची पोती दाबून बघत होती. मी झटकन सोया सॉसच्या बाटल्यांच्या मागं बसलो. अमोलला खुणा करायला लागलो, पळ, पळ.

अमोल शांतपणे माझ्यापाशी येऊन वाकला. "अप्पा, त्या नेपाळच्या आहेत. माझ्या ऑफिसात सफाईला येतात. तुमच्याकडं बघून हसतायत, उठा आणि नमस्कार करा."

उठताना गुडघ्यानं एक बाटली पाडली. फुटली नाही, तेवढाच दिवसभरातला नफा.

तिथं सुटा चहा मिळाला. पण एमीच्या आईच्या चहातला तांदूळ तांबूस आणि टपोरा होता, हा फिकट आणि बारका. अमोल म्हणाला चालेल. मला चालेना. घरी येऊन मी मंगलला न विचारता तिचा बासमती कढईत टाकला. म्हणलं, दोन मुठी भाजून त्यात घालतो, रंग जुळेल. जाळ मोठा केला, कारण मला मोठ्याच जाळाची सवय. तांदूळ तांबडा झाला, काळा झाला, धूर झाला, आणि छताला चिकटवलेली एक पांढरी वाटी अशी किंचाळायला लागली की मी कढई सोडून बाहेर पळालो. धुराची घंटा म्हणे. मंगल खुर्चीवर चढून टॉवेल हलवतेय, अमोल खिडक्या उघडतोय, आणि बॅरी अनवाणी पाण्याची नळी घेऊन कुंपणावरून आत आला.

"यू राइट, मेट?" त्यानं विचारलं (म्हणजे ठीक आहे ना).

अमोल म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, बॅरी" (म्हणजे सगळं झकास, काळजी नको). असं रडवेलं स्वीट अ‍ॅज त्या देशात पहिल्यांदाच कुणी म्हणालं असेल.

शेवटी दुकानातला चहा तसाच त्या डब्यात भरला. अमोल म्हणाला, "उद्या कुणीच काही बोलायचं नाही. मी सांभाळतो." मी मान हलवली. जन्मात पहिल्यांदा गप बसायचं ठरवलं.

रविवारी योशिकोबाई आल्या. एमीची आई. मंगलच्याच वयाच्या, अंगानं काडी, केस मागं घट्ट. दारात बूट काढले आणि वळून त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून नीट ठेवले. शेजारी माझ्या चपला होत्या, एक सुलटी एक उपडी. बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. हात लावला नाही, पण हात शिवशिवला असणार.

जेवण चांगलं झालं. मंगलनं भाजणीचं थालीपीठ केलं होतं, बाईंनी ते वास घेऊन घेऊन खाल्लं. बाई कमी बोलायच्या. मी बोलतच नव्हतो. एमी सारखी माझ्याकडं बघून अमोलला हळूच विचारत होती, अप्पांना बरं नाही का.

मग चहा. बाई स्वतःच उठल्या. डबा उघडला, नाकाजवळ नेला. आणि थांबल्या. चिमूटभर तळहातावर घेतला, बोटानं दाणे सारखे केले. डबा खाली ठेवला आणि अमोलकडं बघितलं.

अमोल बोलायला लागला. इंग्रजीत होतं, पण बापाला पोराचं खोटं कुठल्याही भाषेत कळतं. त्याचे कान लाल झाले होते. शाळेत असताना पण व्हायचे. वाक्य मध्येच अडकलं. एमी त्याच्याकडं असं बघत होती जसं तिला हा माणूस नवीन आहे. आणि मला दिसलं की चहा बिघडवला मी, आणि पोरगी जाणार त्याची.

मी उठलो. ताट आणलं, जमिनीवर मांडी घातली आणि सगळं करून दाखवलं. हे असं ओतलं. हे असं निवडलं. हे साळुंक्यांना. ही माझी भुकटी. दुकानं, सोया सॉस, धूर, घंटा, बॅरीची नळी. मराठीतच बोलत होतो, अमोल मागून इंग्रजी करत होता, ह्या वेळी एक शब्द न गाळता. घंटेचा आवाज काढला तेव्हा एमी हसली. तिची आई हसली नाही.

बाईंनी डब्याला झाकण लावलं. मग हळू बोलल्या. अमोलनं मराठी केलं.

"त्या म्हणतात, माझ्या आईच्या घरी पुरेसा चहा नसायचा, म्हणून त्यात तांदूळ घालायचे. चहा पुरवठ्याला यावा म्हणून. तेव्हा तुम्ही भेसळ म्हणालात त्याचा राग नाही."

मी सुटलो म्हणणार, तोवर त्या पुढं बोलल्या.  मी म्हणलं, सांग. तो खाली बघून म्हणाला, "त्या म्हणतात, तुम्हाला जे माहीत नव्हतं ते तुम्ही निवडून काढलंत. कुणाला विचारलं नाहीत. वर त्यात तुमचं भरलंत. उद्या माझी मुलगी तुमच्या घरात आली तर तिच्यातलं काय काय निवडून काढाल?"

   मी मांडीवरचं ताट उचलून बाजूला ठेवलं.

मंगल बोलली. पदर खोचून, उभ्यानं. "अमोल, नीट सांग त्यांना. लग्न होऊन आले तेव्हापासून हा माणूस माझ्यातलं काही ना काही काढायला बघतोय. माझ्या माहेरचं बोलणं काढायला बघितलं, माझा देव बदलायला बघितला, माझ्या आमटीतला गूळ काढायला बघितला. एक गोष्ट निघाली नाही. हे आधी टाकतात, मग शोधत बसतात. मनात वाईट नाही, डोकं नाही. ह्यांच्यापासून पोरीला कसं वाचवायचं ते मी शिकवीन. आणि हा," अमोलकडं बोट करून, "हा आज खोटं बोलायला गेला, त्याचं काय करायचं ते एमीनं ठरवावं."

अमोलनं हेसुद्धा सगळं इंग्रजीत सांगितलं. लाल कानांनी.

बाई मंगलकडं वळल्या. मग एक प्रश्न विचारला. सगळ्यांना वाटलं लग्नाचा असेल. त्यांनी विचारलं होतं, त्या थालीपिठाच्या पिठात तांदूळ भाजून घातलाय का?

मंगल म्हणाली, "घालतो की! भाजणी आहे ती. मंद जाळावर, वास सुटेपर्यंत."

झालं. दोघी स्वयंपाकघरात. कपाट उघडून तांदूळ बघितले, तो बासमती बाईंनी बाजूला सारला, हातसडीसारखा दुसरा काढला. भिजवायला, वाफवायला वेळ नव्हता, म्हणून कोरडाच भाजायचं ठरलं. कढई एकीच्या हातात, उलथनं दुसरीच्या. भाषा लागलीच नाही. मंगल म्हणायची "अजून जरा", त्या जपानीत काहीतरी म्हणायच्या, आणि दोघी एकाच वेळी कढई उतरवायच्या. मला खुर्चीवर चढवून टॉवेल घेऊन त्या घंटेखाली उभं केलं. घंटा वाजली नाही. मंद जाळाला वाजत नाही म्हणे.

मग डब्यातल्या चहात तो तांदूळ घालून चहा केला, तो पण माझ्या जिवावर येईल असा. पाणी उकळलं आणि बाजूला ठेवून दिलं. निवायला! मी खुर्चीवरून म्हणलं, "अहो, गार होतंय," तर दोघींनी एकदमच वळून बघितलं. दूध नाही, साखर नाही. कपात हिरवट पिवळं पाणी. मी घोट घेतला. दिवाळीच्या आधी मंगल भाजणी भाजते तेव्हा घरभर जो वास सुटतो, तो वास. मी शुक्रवारी हा वास साळुंक्यांना घातला होता.

एमीनं अमोलला बाहेर डेकवर नेलं. काचेतून दिसत होतं. ती बोलत होती, तो ऐकत होता. बरंच चाललं. मग तिनं त्याचा कान ओढला, तोच लाल, आणि दोघं आत आले.

जाताना योशिकोबाईंनी अमोलला एकच सांगितलं. लग्न तिकडच्या उन्हाळ्यात, हेन्डरसनला, त्यांच्या अंगणात. चहा त्या आणि मंगल करतील. मग माझ्याकडं बघून दोन्ही हात जोडून वाकल्या. मी पण वाकलो. सरळ झालो तेव्हा दिसलं, माझ्या चपला कुणीतरी सुलट्या करून बाहेर तोंड करून ठेवल्या होत्या.

परतताना विमानतळावर बाईंनी नवा डबा दिला, पूर्ण, तांदळासकट. विमानात परत दोऱ्याची पुडी आली. मी ती न फोडता कपात सोडली आणि त्या बाईला खुणेनं विचारलं, असंच ना? ती हसली. मंगल म्हणाली, "पोराचं लग्न ठरावं लागलं तुम्हाला एवढं शिकवायला."

आता मी फलटणात आहे. विमानात सगळा वेळ एकच डोक्यात होतं. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकाच्या पुढं ठेवत आलो ते माझ्या चवीचं. कुणाला साखर कमी हवी, कुणाला दूध नको, कधी विचारलं नाही. आपल्याला ओळखीचं नसलं की खडा समजून बाजूला काढायचं, ही मला लागलेली खोड. हे कुणालातरी सांगावं म्हणून मी एकदा तो गेनमाइचा आमच्या रोजच्या गिऱ्हाइकाला, पोपट कंडक्टरला, फुकट दिला. पाणी निववून, दुधाशिवाय, काचेच्या ग्लासात. पोपटनं ग्लास उजेडात धरला, आत बोट घातलं आणि एक भाजका दाणा काढून बाकड्यावर पुसला.

मी त्याचा हात धरला. म्हणलं, "थांब. काढू नको. माहीत नसलं तर आधी विचारावं माणसानं. आता हेच बघ, मी न्यूझीलंडला होतो तेव्हा..." आणि डबा, ताट, साळुंक्या, धूर, सगळं सांगायला घेतलं. चहा पार गार झाला. त्याची एस्टी, कधी नव्हे ती वेळेवर, मागं येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला.

पोपटनं ग्लास खाली ठेवला, बॅग खांद्याला अडकवली आणि म्हणाला, "विचारलं असतं रे अप्पा, पण तू तोंड बंद कधी करतोस?"